जुने ग्रंथ, त्यांचें स्वामित्व व मराठवाड्यांतील वाचक

पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदपत्रांचे पंचेचाळीस भाग मुंबई सरकारनें १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध केले. संपादक रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. या मालेचा अगदीं पहिला भाग ज्या विषयास वाहिलेला आहे, तो आम्हां मराठवाडेकरांच्या अंगणांतला आहे. तो विषय म्हणजे उदगीरची लढाई. १७६० च्या फेब्रुवारींत सदाशिवरावभाऊंनीं औसा व उदगीर यांच्या दरम्यान निजामाच्या फौजेस जेरीस आणून तह करावयास लावलें; पुढें वर्षभरांतच भाऊ पानिपतावर पडले आणि त्या पराभवाच्या छायेंत उदगीरचा विजय झांकून गेला. परंतु ज्या गांवाच्या नांवें हा भाग निघाला, तें गांव १९३० सालीं मुंबई इलाख्यांत नव्हतें. तें हैदराबाद संस्थानच्या बिदर जिल्ह्यांत होतें. तेथील कचेरीचा कागद उर्दूंत चाले, वरच्या इयत्तांचें शिक्षण उर्दूंत चाले आणि सरकारी वर्ष फसली. मुंबई सरकारनें काढलेला मराठी कागदांचा ग्रंथ त्या गांवच्या वाचकाच्या हातीं पडावा, अशी कोणतीहि व्यवस्था नव्हती. आज तोच ग्रंथ उदगीरच्या कोणत्याहि घरांतील मुलगा खिशांतल्या मोबाईलवर पानें उलटून विनामूल्य वाचूं शकतो.

हें वाचन कायदेशीर कीं बेकायदेशीर, असा प्रश्न मागें एका विद्यार्थिनीनें वर्गांत आम्हांस विचारला. या ग्रंथापुरतें उत्तर सोपें आहे. तो सरकारी ग्रंथ. सरकारी ग्रंथाचें स्वामित्व तेव्हांच्या कायद्याप्रमाणें प्रसिद्धीपासून पन्नास वर्षें टिके. म्हणजे १९८० सरतांना पहिल्या भागावरील हक्क संपला. आतां तो ज्याला छापावयाचा असेल त्यानें छापावा, ज्याला छायांकित करून जगापुढें ठेवावयाचा असेल त्यानें ठेवावा. परंतु ज्या पडद्यावर उदगीरचे कागद दिसतात, त्याच पडद्यावर दोन बोटें खालीं एखाद्या हयात कादंबरीकाराचें गेल्या वर्षीं निघालेलें पुस्तकहि फुकट दिसतें, आणि वाचकास त्या दोहोंतील भेद कळत नाहीं. येथून घोटाळा सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, विद्या सर्वांची, तिला कुलूप कसलें? दुसरा पक्ष म्हणतो, फुकट तें सर्व चोरीचें. दोन्ही पक्षांतील सुशिक्षित माणसें आम्हांस भेटलीं आहेत, व त्यांतील फारच थोड्यांनीं मूळ कायदा डोळ्यांखालून घातला आहे. म्हणून या विषयाचा थोडा इतिहास पाहणें अवश्य वाटतें. आणि तो आपण नांदेड-लातूरच्या बाजूनें पाहूं, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकास जें पुस्तक चार पावलांवर असे, तें आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या शेंकडों मैल दूर होतें.

छापखाना येण्यापूर्वीं ग्रंथाची नक्कल करणें हें पाप नव्हतें. तें पुण्य होतें. पोथी उतरवून घेणारा लेखक शेवटीं आपलें नांव, गांव व शक लिही, आणि पुढील वाचकास विनवी कीं, या पोथीस तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जप. मूळ कवीची परवानगी घ्यावी, हा विचारच त्या व्यवहारांत नव्हता. कवीचें पोट दानावर, वृत्तीवर, कीर्तनावर भरे. पोथीच्या विक्रीवर नव्हे. मात्र एक हक्क त्या काळींहि मानला जात असे, व त्याचें सर्वांत ठळक उदाहरण आमच्याच प्रांतांतलें आहे. पैठणास एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती ताडून पाठ शुद्ध केला, आणि शेवटीं बजावून ठेवलें कीं, या ग्रंथांत कोणी पदरची ओवी घालूं नये. घालणें म्हणजे अमृत वाढलेल्या पानांत करवंटी आणून ठेवण्यासारखें आहे. नक्कल हवी तितकी करा. भेसळ करूं नका. आजच्या भारतीय कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमांत लेखकाचा जो विशेष हक्क सांगितला आहे, म्हणजे ग्रंथाचें कर्तृत्व आपल्या नांवें असण्याचा व त्याची मोडतोड रोखण्याचा, तो नाथांच्या या इशाऱ्याहून फारसा निराळा नाहीं.

छापखान्यानें हा व्यवहार पालटला. जेथें एका प्रतीस महिने लागत तेथें हजार प्रती निघूं लागल्या. भांडवल आलें, भांडवलाबरोबर नफा आला, नफ्याबरोबर तंटे आले. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८४५ सालीं ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढली, आणि दोनच वर्षांनीं कंपनी सरकारनें ग्रंथस्वामित्वाचा पहिला कायदा केला. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं, पण त्यांचें शेजार लक्षांत राहण्याजोगें आहे. १८४७ च्या त्या कायद्यांत मुदत होती ती बेचाळीस वर्षें, अथवा लेखकाचें आयुष्य व वर सात वर्षें, यांपैकीं जी अधिक ती. १८६७ च्या निराळ्या एका कायद्यानें छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारास देणें व त्यांची त्रैमासिक सूचि निघणें सुरू झालें. १९१४ सालीं विलायतेंतील १९११ चा कायदा इकडे लागू होऊन मुदत मृत्यूनंतर पन्नास वर्षें झाली. स्वराज्यांतील १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अंमलांत आला, आणि वेळोवेळच्या दुरुस्त्यांसह तोच आज चालू आहे.

१८६७ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, ही गोष्ट आमच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. हैदराबाद संस्थानांत छापलेलें मराठी पुस्तक मुंबई सरकारच्या सूचींत येण्याचें कारण नव्हतें, आणि त्याची प्रत सक्तीनें कोठें ठेवली जाण्याचेंहि कारण नव्हतें. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीनें १८०० पासून १९५० पर्यंतचे ग्रंथ नोंदले; एका माणसाचा एवढा उद्योग आमच्या भाषेंत दुसरा क्वचितच सांपडेल. पण नोंद असणें निराळें आणि प्रत असणें निराळें. संस्थानांत सभा-संमेलनांस व खाजगी शाळांस परवानगीचा जाच होता, तशांतहि हैदराबाद शहरीं १९२२ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें आणि १९३७ सालीं साहित्य परिषद निघाली, जी पुढें मराठवाडा साहित्य परिषद झाली. लहान गांवांतील वाचनालय म्हणजे बहुधा एखाद्या वकिलाच्या माडीवरचें एक कपाट. १९४७-४८ च्या धामधुमींत कित्येक कुटुंबें सरहद्दीपलीकडे गेलीं. घर सोडतांना माणूस दागिना घेतो, धान्य घेतो, लेंकरूं घेतो, पुस्तक घेत नाहीं. त्या काळच्या किती पुस्तकांची एकच प्रत उरली असेल, याचा हिशेब कोणी केलेला नाहीं.

एक मोठा संग्रह मात्र सुरक्षित राहिला, आणि तो राहिला उस्मानिया विद्यापीठांत. हें विद्यापीठ १९१८ सालीं स्थापन झालें. माध्यम उर्दू, तरी मराठीचें अध्यापन तेथें होतें व ग्रंथालयांत मराठी पुस्तकें येत होतीं. आमच्या आजोबांच्या पिढींतील मराठवाड्याचा पदवीधर बहुधा उस्मानियाचाच असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, हैदराबाद आंध्र प्रदेशांत गेलें, आणि १९५८ च्या ऑगस्टांत औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघालें. नांदेडला स्वतःचें विद्यापीठ मिळावयास १९९४ चा सप्टेंबर उजाडला. या सर्व वांटणींत जिल्हे वांटले गेले, नोकर वांटले गेले, पण उस्मानियाच्या कपाटांतील मराठी ग्रंथ जेथल्या तेथेंच राहिले. एका तेलुगु मुलखाच्या राजधानींत, जेथें त्यांचा वाचक दिवसेंदिवस विरळ होत गेला, तेथें ते धूळ खात उभे राहिले.

सुमारें २००२ पासून 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या नांवाचा एक प्रचंड उद्योग आपल्या देशांत सुरू झाला. दहा लक्ष ग्रंथ संगणकावर आणण्याची मूळ कल्पना अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे प्राध्यापक राज रेड्डी यांची. इकडील धुरा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनें वाहिली. चीनहि त्यांत भागीदार होता. ठिकठिकाणीं छायांकनाचीं केंद्रें निघालीं आणि ग्रंथालयांच्या कपाटांतून पुस्तकें यंत्राखालीं जाऊं लागलीं. विनायक लक्ष्मण भावे यांनीं १८९३ सालीं ठाण्यास स्थापलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा शिक्का असलेलीं कितीतरी पुस्तकें या मार्गानें पडद्यावर आलीं. आणि उस्मानियाचींहि आलीं. अशा पुस्तकाच्या आरंभीं 'युनिव्हर्सल लायब्ररी' हीं इंग्रजी अक्षरें व एक क्रमांक दिसतो, आणि मग येते ती उस्मानिया ग्रंथालयाची चिठ्ठी: खालीं मारलेल्या शेवटच्या तारखेपर्यंत पुस्तक परत करावें, अशी विनंती करणारी. नांदेडच्या किंवा लातूरच्या विद्यार्थ्यानें ही चिठ्ठी ओलांडून पुढें वाचावयास लागावें, यांत आम्हांस मोठें समाधान वाटतें. जो संग्रह राज्यपुनर्रचनेनें आमच्या हातांतून गेला होता, तो कोणाच्याहि मागणीवांचून घरीं आला.

काम मात्र घाईचें झालें होतें. कोठें पान वगळलेलें, कोठें पान तिरपें, कोठें मजकुरावर यंत्र चालविणाराचा अंगठा. शीर्षकें रोमन अक्षरांत अशीं कांहीं नोंदलेलीं कीं, ग्रंथकर्त्यानें स्वतः शोधलें तरी त्याला आपला ग्रंथ सांपडूं नये. पण हे दोष सहन होण्यासारखे होते. खरी अडचण निघाली ती स्वामित्वाची. मुदत न संपलेलीं बरीच पुस्तकें या ओघांत आलीं. तक्रारी झाल्या, आणि २०१७ च्या सुमारास मूळ संकेतस्थळ बंद पडलें. संग्रह नाहींसा झाला नाहीं, याचें कारण अमेरिकेंतील 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेच्या भांडारांत त्यांतील कांहीं लक्ष पुस्तकें जाऊन बसलीं होतीं. आपल्या सरकारी पैशानें तयार झालेला ग्रंथसंग्रह आपल्याला आज परदेशांतील एका धर्मादाय संस्थेच्या दारीं जाऊन वाचावा लागतो, याची लाज वाटावयास हवी. पण तक्रार करणारांनाच दोष देऊन मोकळें होणें हेंहि बरोबर नव्हे.

चूक कां होते, हें समजून घेण्यासारखें आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापल्याचें साल असतें. लेखकाच्या मृत्यूचें साल तेथें असणें शक्यच नाहीं. आणि कायदा मोजतो तें मृत्यूपासून. लेखक ज्या वर्षीं वारला, त्याच्या पुढील १ जानेवारीपासून साठ वर्षें, असा आजचा नियम आहे. म्हणून १९३० सालीं छापलेलें एखादें पुस्तक अजून बंधनांत असूं शकतें आणि १९६० सालीं छापलेलें मुक्त असूं शकतें. त्र्यंबक शंकर शेजवलकर १९६३ सालीं वारले. पानिपतावरील त्यांचा ग्रंथ व त्यांच्या हयातींत निघालेलें इतर लेखन १ जानेवारी २०२४ पासून सर्वांचें झालें. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं वारले. तेव्हां मुदत पन्नासची होती. हल्लींच्या मोजणीनें त्यांचें लेखन १९७७ च्या पहिल्या दिवशीं मोकळें झालें. यमराज एक दिवस उशिरा आला असता तर वाचकांस आणखी एक वर्ष थांबावें लागतें. निनावी पुस्तकाची मुदत मात्र प्रसिद्धीच्या सालावरून मोजतात, आणि तेथें आमच्या भागांत निराळाच खड्डा आहे. शक असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवावे लागतात, फसली असेल तर पांचशें नव्वद. फसली १३५७ म्हणजे १९४७ चा ऑक्टोबर ते १९४८ चा ऑक्टोबर, हें ज्यास ठाऊक नाहीं त्याच्या हातीं संस्थानी काळच्या पुस्तकांची सूचि देणें धोक्याचें आहे.

पन्नासाचे साठ कसे झाले, ती हकीकत सांगण्याजोगी आहे. रवीन्द्रनाथ ठाकूर १९४१ सालीं वारले. त्यांच्या ग्रंथांवरील विश्वभारतीचा हक्क १९९१ च्या अखेरच्या दिवशीं संपावयाचा होता. तो संपण्यास तीन दिवस उरले असतां, २८ डिसेंबरपासून, मुदत दहा वर्षांनीं वाढली, आणि १९९२ च्या कायद्यानें ती कायम झाली. एका महाकवीच्या संस्थेसाठीं केलेली ही तरतूद सर्वांस लागू पडली. राजकवि तांबेहि १९४१ सालींच वारले होते. त्यांच्या कवितेसहि आणखी दहा वर्षांचें कुलूप लागलें. परिणाम असा कीं, १९९२ पासून २००१ पर्यंत दहा नववर्षदिन आले व गेले, पण मुदत सरून एकहि नवा ग्रंथकार मोकळा झाला नाहीं. आम्ही त्या वेळीं पदवीचा अभ्यास आटोपून संशोधनाकडे वळत होतों. एका दुर्मिळ पुस्तकासाठीं नांदेडहून रात्रीच्या गाडीनें जावें, परक्या शहरांतील वाचनालयांत तीन दिवस बसून हातानें उतारे घ्यावे आणि परत यावें, असा तो काळ होता. कायद्यांत काय चाललें आहे याची वार्ताहि आमच्या कानीं नव्हती.

आमच्या जिल्ह्यांतील सर्वांत बोलकें उदाहरण संतकवि दासगणू महाराजांचें. त्यांचें ठाणें नांदेड जिल्ह्यांतील गोरटें. १९३९ सालीं त्यांनीं शेगांवच्या गजानन महाराजांचें एकवीस अध्यायांचें चरित्र रचलें, आणि त्याचें पारायण आज घरोघर होतें. महाराज १९६२ सालीं वारले. तेव्हां कायद्याच्या हिशेबानें ती पोथी २०२२ च्या शेवटच्या दिवसापर्यंत स्वामित्वाच्या मुदतींत होती. नेमानें पारायण करणाऱ्या कोणा आजीबाईस हें सांगितलें तर त्या हंसतील. पोथीलाहि मालक असतो, ही कल्पनाच आमच्या लोकांस अजून पटलेली नाहीं. पोथी उतरवून देण्याच्या जुन्या पुण्याईची आठवण त्यांच्या हातांत आहे. व्हॉट्सॲपवर पुस्तकाची पीडीएफ पाठविणारा सभ्य गृहस्थहि मनांतून आपण पोथीदान करीत आहों असेंच समजत असतो.

पण येथें आम्हांस थांबून एक स्पष्ट बोलावेंसें वाटतें. नरहर कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ रोजीं वारले. कुरुंद्याचा हा माणूस नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य होता, आणि मराठवाड्यांत बसून सबंध महाराष्ट्रास विचार करावयास लावणारा असा दुसरा लेखक आमच्या काळांत झाला नाहीं. त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचें स्वामित्व २०४२ च्या अखेरपर्यंत आहे. मृत्यूनंतर प्रथमच उजेडांत आलेल्या लेखनाची मुदत त्या त्या प्रसिद्धीपासून साठ वर्षें. त्यांच्या पुस्तकांच्या प्रती परवानगीवांचून छायांकित करून सर्वत्र वांटणें हें विद्यादान नव्हे. मराठी पुस्तकाची आवृत्ति हजार-अकराशें प्रतींची. ती खपावयास वर्षें लागतात. त्यांतून लेखकाच्या घरीं जें पोंचतें तें आधींच थोडें. 'नाहीं तरी त्यांना काय मिळतें?' असें म्हणून तेंहि काढून घ्यावयाचें, हा युक्तिवाद आम्हांस लबाडीचा वाटतो. हजारों रुपयांचा मोबाईल घेऊन त्यावर अडीचशें रुपयांचें पुस्तक फुकट मागणाऱ्या सुशिक्षितांस गरीब वाचकाच्या नांवानें बोलण्याचा अधिकार नाहीं.

याच्या उलट बाजूसहि तितकेंच दुःख आहे. ज्या पुस्तकाची मुदत संपली नाहीं, पण जें कोणी छापीत नाहीं, विकीत नाहीं, आणि ज्याच्या वारसाचा पत्ता कोणास ठाऊक नाहीं, त्याचें काय करावें? निलंगा, अहमदपूर, कंधार, देगलूर अशा गांवच्या एखाद्या शिक्षकानें किंवा कीर्तनकारानें आयुष्यांत एक पुस्तक लिहिलें, पदरमोड करून छापलें, आणि तो मागें गेला. तो केव्हां वारला हें शोधावयाचें कोठें? मुलें हैदराबादेस, नातवंडें पुण्यास किंवा त्याहून दूर. त्यांना आजोबांनीं पुस्तक लिहिल्याचें माहीतहि नसेल. कायद्यांत यासाठीं कलम एकतीस-अ आहे. रीतसर अर्ज करावा, ठरेल तें मानधन भरावें, आणि प्रसिद्धीची परवानगी मिळवावी. परंतु अर्जापूर्वीं आपला मनोदय वृत्तपत्रांत जाहीर करावा लागतो, आणि तें वृत्तपत्र देशाच्या बहुतेक भागांत खपणारें इंग्रजी दैनिक असावें लागतें. त्या भाषेंतील वृत्तपत्राचीहि जाहिरात लागते ती केवळ भाषांतराच्या बाबतींत. म्हणजे अहमदपूरच्या मराठी मास्तरांचे वारस धुंडाळावयाचे तर दिल्ली-मद्रासच्या वाचकास विचारावयाचें! तालुक्याच्या वाचनालयाचें वर्षाचें पुस्तकखातें त्या एका जाहिरातींत संपेल. ज्यांनीं हें कलम लिहिलें त्यांच्या डोळ्यांपुढें मोठे प्रकाशक असावेत. आमच्याकडचें अनाथ पुस्तक त्यांनीं पाहिलेलें नाहीं.

परदेशांतहि हा वाद मिटलेला नाहीं. अमेरिकेंत मायकेल हार्ट यांनीं १९७१ सालीं एक सनद संगणकावर उतरवून गुटेनबर्ग प्रकल्पाचा पाया घातला. त्यांनीं मुदत संपलेल्या ग्रंथांची वाट धरली आणि म्हणून तो उद्योग निर्वेध वाढला. गूगलनें २००४ पासून ग्रंथालयेंच्या ग्रंथालयें छायांकित केलीं. लेखकसंघानें दावा लावला. दहा वर्षांनीं न्यायालयानें शोधण्यापुरते उतारे दाखविण्यास मुभा दिली, सबंध पुस्तक देण्यास नव्हे. इंटरनेट आर्काइव्हनें चालू पुस्तकें उसनीं देण्याचा घाट घातला, तेव्हां प्रकाशकांनीं २०२० सालीं त्यास न्यायालयांत ओढलें, आणि २०२४ च्या अपिलांतहि ती संस्था हरली. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठांतील छायाप्रतींचा खटला गाजला. २०१६ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें विद्यार्थ्यांच्या बाजूनें कौल दिला, आणि ग्रंथस्वामित्व हा ईश्वरदत्त हक्क नव्हे अशा आशयाचें मत न्यायमूर्तींनीं नोंदलें. हा निकाल आमचे कित्येक प्राध्यापकबंधु वाटेल त्या छपाईचें समर्थन म्हणून पुढें करतात. त्यांनीं तो पुन्हां वाचावा. तो अध्यापनासाठीं घेतलेल्या उताऱ्यांपुरता आहे.

आमच्या मतें नांदेड-लातूरच्या ग्रंथालयांस कायदा आज जें करूं देतो, तेंच अजून कोणी पुरेसें करीत नाहीं. २०१२ च्या दुरुस्तीनें बावन्नाव्या कलमांत अशी सवलत आली आहे कीं, नफ्यासाठीं नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयापाशीं पुस्तकाची छापील प्रत असेल, तर जतनासाठीं तें तिची संगणकीय प्रत ठेवूं शकतें. मुदत संपलेली असो वा नसो. तसेंच जें पुस्तक देशांत विकत मिळत नाहीं, त्याच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या उपयोगासाठीं करतां येतात. जगासमोर मांडणें निराळें. जतन करून ठेवणें निराळें. ज्याची मुदत उरली आहे तें कपाटबंद ठेवावें, ज्याची संपली आहे तें खुलें करावें, आणि कोणतें केव्हां खुलें होतें याची वही ठेवावी. लातूर जिल्ह्यानें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे गांवेंच्या गांवें गमावलीं; नांदेडनें गोदावरीचे पूर पाहिले आहेत. एकच प्रत एकाच कपाटांत असणें याचा अर्थ येथें कोणास समजावून सांगावयास नको.

परंतु पुरापेक्षां आणि भूकंपापेक्षां अधिक पुस्तकें जातात तीं निर्लेखनांत. जुनें, फाटलें, कोणी नेत नाहीं, असा शेरा मारून पुस्तक दप्तरांतून बाद करावयाचें व रद्दींत द्यावयाचें, हा अनुदानित वाचनालयांचा नेहमींचा व्यवहार. एका तालुक्याच्या गांवीं असा गठ्ठा तराजूंत चढतांना आम्हीं पाहिला. वरतीं संस्थानी काळांतील एक व्याकरण होतें, पोटांत दोन चरित्रें. आम्हीं किलोच्या भावानें तेवढीं तीन घेतलीं, उरलेलीं गेलीं. ग्रंथपाल सज्जन होते. नवीं स्पर्धापरीक्षेचीं पुस्तकें ठेवावयास जागा हवी, एवढेंच त्यांचें म्हणणें, आणि तें खोटें नव्हतें. हैदराबाद राज्यानें १९५५ सालीं व महाराष्ट्रानें १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचे कायदे केले. बाद होणाऱ्या पुस्तकाची आधीं छायाप्रत घ्यावी, एवढा एक नियम त्यांत पडला असता तर किती निभावलें असतें!

छायांकित पान हें नुसतें चित्र असतें; त्यांतील शब्द शोधावयाचा तर यंत्राकडून अक्षरें ओळखून घ्यावीं लागतात. जुनें मराठी टंक, तुटके कानामात्रे, आणि आमच्यासारखीं अनुस्वारांनीं लदलेलीं वाक्यें यांपुढें यंत्र पुष्कळदां हात टेकतें आणि भलताच शब्द घालून मोकळें होतें. नाथांची करवंटी ती हीच. मराठी विकिस्रोतावर कांहीं स्वयंसेवक एकेक पान मुळाशीं ताडून शुद्ध करतात. हें काम नांवाचें नाहीं, पैशाचें नाहीं, आणि आमच्या महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांकडून तें सहज करून घेतां येण्याजोगें आहे. चार ठरीव प्रश्नांचीं ठरीव उत्तरें पाठ करण्यापेक्षां विद्यार्थी त्यांतून अधिक मराठी शिकतील.

हयात लेखकांस एक मार्ग उघडा आहे, तोहि सांगून ठेवतों. एकविसाव्या कलमानें लेखक आपण होऊन, जाहीर सूचना देऊन, आपला हक्क सोडूं शकतो. ज्यांचीं पुस्तकें दहा-पंधरा वर्षांत पुन्हां छापलीं गेलीं नाहींत व छापलीं जाण्याची आशाहि नाहीं, अशा आमच्या समवयस्क लेखकमित्रांनीं याचा विचार करावा. वारसांनींहि संमति द्यावी. तोंपर्यंत तारखांकडे डोळे लावून बसणें एवढेंच वाचकाच्या हातीं आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ २२ जानेवारी १९७२ रोजीं वारले. त्यांच्या आठवणींचा ग्रंथ १९६७ सालीं इंग्रजींत निघाला आहे; तो १ जानेवारी २०३३ रोजीं सर्वांसाठीं खुला होईल. त्याच्या कोणत्याहि मराठी भाषांतरावर भाषांतरकाराचा हक्क स्वतंत्र असतो व तो भाषांतरकाराच्या मृत्यूपासून मोजला जातो. तेव्हां ज्या मुलखाची ती हकीकत आहे, तेथील मराठी वाचकास २०३३ नंतरहि कांहीं वर्षें ती फुकट वाचावयाची तर इंग्रजींतूनच वाचावी लागेल, किंवा कोणीतरी नवें भाषांतर करून तें आरंभापासूनच मोकळें सोडावें लागेल.